निऱ्यांतून निघालेली वाट : ज्ञानदानंदिनी देवी

आज भारतातल्या बहुसंख्य स्त्रिया साडी ज्या रीतीने नेसतात, ती रीत फार प्राचीन असल्याचा समज सर्वत्र रूढ आहे. कमरेभोवती एक वेढा, पुढे एकसारख्या निऱ्या, छातीवरून तिरपा जाऊन डाव्या खांद्यावर पडणारा पदर, आत परकर आणि वर पोलके, असा हा वेश शाळेतल्या शिक्षिकेपासून संसदेतल्या सदस्येपर्यंत सर्वांचा झाला आहे. परंतु त्याचे हे सार्वत्रिक रूप जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. ते घडवण्यात ज्या स्त्रीचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो ती बंगालची होती. तिला ही दृष्टी मात्र मुंबईने दिली, आणि तिच्या संसाराची ऐन उमेदीची वर्षे पुणे, सातारा, सोलापूर, कारवार अशा आपल्या ओळखीच्या गावांत गेली. ज्ञानदानंदिनी देवी हे तिचे नाव. रवींद्रनाथ ठाकुरांची वहिनी एवढीच तिची ओळख अनेकांना असते. ती अपुरी आहे.

जेसोरची मुलगी, जोडासांकोची सून

ज्ञानदानंदिनीचा जन्म २६ जुलै १८५० रोजी जेसोर जिल्ह्यातील नरेंद्रपूर या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील अभयाचरण मुखोपाध्याय आणि आई निस्तारिणी देवी. तिचे लग्न झाले तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. वर होता कलकत्त्यातील जोडासांको येथील महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांचा दुसरा मुलगा, सत्येंद्रनाथ. ब्राह्म समाजाचे अग्रणी असलेल्या देवेंद्रनाथांच्या घरी विद्या होती, संगीत होते, नव्या विचारांची चर्चा होती. पण हे सारे बाहेरच्या दिवाणखान्यात चाले. घरातील स्त्रिया अंतःपुरात राहत. गंगास्नानाला जायचे तरी बंद पालखीतून जायचे आणि पालखीसकट पाण्यात बुडी मारून परत यायचे, अशी त्या काळच्या मोठ्या घरांची रीत होती.

१८६२ मध्ये सत्येंद्रनाथ इंग्लंडला गेले आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय ठरले. तेथील स्त्रियांचे मोकळे जीवन पाहून त्यांना आपल्या पत्नीची बंदिस्त स्थिती अधिकच जाचू लागली. तिला इंग्लंडला पाठवावे, अशी गळ त्यांनी पत्रांतून घातली. वडिलांनी ती मानली नाही. दीर हेमेंद्रनाथांनी मात्र घरातल्या घरात तिला शिकवण्याचे काम हाती घेतले. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दिराच्या समोर संकोचाने बसून ही बालिका अक्षरे गिरवू लागली.

घराबाहेर जाण्यासाठी वस्त्रच नाही

१८६४ मध्ये सत्येंद्रनाथ परतले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पत्नीला सोबत नेण्याचा हट्ट त्यांनी या वेळी तडीस नेला. देवेंद्रनाथांनी संमती दिली, पण सुनेने घरापासून गाडीत बसून उघडपणे जावे हे त्यांना पटले नाही. तिला पालखीतूनच जहाजावर पोहोचवण्यात आले.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. बाहेर पडायचे, तर अंगावर घालायचे काय? बंगालच्या अंतःपुरात स्त्रिया एकच साडी अंगाभोवती गुंडाळत. तिला पुढे निऱ्या नसत, आत परकर नसे, वर चोळी नसे. कापड जितके उंची तितके तलम आणि म्हणूनच तितके पारदर्शक. चार भिंतींच्या आड, उकाड्याच्या हवेत ते चालून जाई. चारचौघांत ते वस्त्र पुरेसे नव्हते. म्हणजे स्त्रीला घराबाहेर पडण्याची परवानगी नव्हती, आणि परवानगी मिळाली तरी तिच्याजवळ त्यायोग्य पोशाख नव्हता. सत्येंद्रनाथांनी एका फ्रेंच शिंप्याच्या दुकानातून पौर्वात्य धाटणीचा म्हणून एक पोशाख करवून घेतला. तो इतका अवघड होता की ज्ञानदानंदिनींना तो एकट्याने अंगावर चढवता येईना. दरवेळी पतीची मदत लागे. एका परक्या कल्पनेने शिवलेला तो झगा प्रवासापुरता उपयोगी पडला आणि मागे पडला.

मुंबईने दिलेली दृष्टी

मुंबईत हे जोडपे आरंभी पारशी सुधारक माणेकजी करसेटजी यांच्या घरी उतरले. मुलींच्या शिक्षणासाठी माणेकजींनी १८६३ मध्ये अलेक्झांड्रा संस्था स्थापन केली होती आणि स्वतःच्या मुलींना इंग्रजी वळणाचे शिक्षण दिले होते. त्या घरात स्त्रिया पाहुण्यांसमोर येत, एका मेजावर जेवत, गाडीतून फिरायला जात. चौदा वर्षांच्या, फारसे न बोलणाऱ्या या बंगाली सुनेला हे सारे नवल होते. त्यांच्या सहवासात तिने शिष्टाचार शिकले, बोलणे शिकले, आणि पारशी स्त्रियांची साडी बारकाईने पाहिली.

पारशी व गुजराती रीतीत साडीच्या पुढे निऱ्या असत, आत झबला किंवा पोलके असे आणि पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येई. ज्ञानदानंदिनींनी ही रीत उचलली, पण जशीच्या तशी नाही. पुढच्या निऱ्या त्यांनी ठेवल्या; पदर मात्र डाव्या खांद्यावर घेतला. त्यामुळे उजवा हात मोकळा राहिला. नमस्कार करणे, हस्तांदोलन करणे, पुस्तक धरणे, लिहिणे, मुलाला कडेवरून उतरवणे या साऱ्यांसाठी तो हात हवा होता. साडीच्या आत परकर, वर पोलके किंवा जाकीट अशी जोडही त्यांनी दिली. अंगभर आणि आटोपशीर असा, घरात व बाहेर सारखाच चालणारा हा पोशाख तयार झाला.

या बदलात निरीचे काम काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. सहा वार साडी म्हणजे २१६ इंच लांबीचे सपाट कापड. एक निरी पाच इंच रुंद धरली, तर तिच्या दोन बाजूंत मिळून १० इंच कापड जाते. अशा सात निऱ्यांत ७० इंच, म्हणजे साडीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, बोटांच्या चार-दोन हालचालींत हातभर जागेत सामावतो. कमरेशी तो घट्ट धरलेला असतो आणि पायाशी सुटा. पाऊल पुढे पडले की निऱ्या उलगडतात, थांबले की मिटतात. नुसत्या गुंडाळलेल्या वस्त्रात पाऊल अडते. निऱ्यांच्या वस्त्रात ते अडत नाही. कापडाला कात्री लावलेली नसते, टाका घातलेला नसतो. रात्री साडी सोडली की ते पुन्हा सपाट होते आणि घडी होऊन पेटीत जाते. संस्कृतात कमरेच्या वस्त्रगाठीला नीवी म्हणत; आज या नेसण्याला निवी हेच नाव चालते.

मराठी मुलखातील वर्षे

मराठी प्रदेशात ज्ञानदानंदिनींना आणखी एक गोष्ट दिसली. येथील उच्चवर्णीय घरांतही बंगालसारखा कडक पडदा नव्हता. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातलेल्या स्त्रिया देवळात जात, बाजारात जात, विहिरीवर पाणी भरत. नऊवारीतही निऱ्या आहेतच. पण त्यांचा मधला भाग दोन पायांतून मागे नेऊन खोचला जातो, म्हणून ते वस्त्र पायजम्यासारखे दुभागते आणि कष्टाच्या कामाला सोयीचे होते. अर्थात ही मोकळीक अपुरी होती. बालविवाह येथेही होता, विधवांचे केशवपनही होते. तरीही रस्त्यावर स्त्री दिसणे म्हणजे आकाश कोसळणे नव्हे, हे या प्रदेशाने त्यांना दाखवले.

सत्येंद्रनाथांनी मराठी आत्मसात केली आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा स्नेह जुळला. समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या मुंबईतील घरीच १८७८ मध्ये किशोर रवींद्रनाथांना इंग्रजी वळण लावण्यासाठी ठेवण्यात आले होते. ज्ञानदानंदिनींचा मुलगा सुरेंद्रनाथ १८७२ मध्ये पुण्यात जन्मला आणि मुलगी इंदिरा १८७३ मध्ये विजापूरकडील कलादगी येथे. सत्येंद्रनाथ पुढे कारवारला न्यायाधीश होते. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते आणि सीमेपलीकडचे कारवार मुंबई इलाख्यात होते. १८८३ मध्ये या कुटुंबासोबत रवींद्रनाथ कारवारच्या समुद्रकाठी राहिले आणि तेथेच त्यांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य लिहिले. आज कारवारचा किनारा रवींद्रनाथांच्या नावाने ओळखला जातो.

घरी परतल्यावरची परीक्षा

वस्त्राची खरी परीक्षा मुंबईत नव्हे, कलकत्त्यात होती. मुंबईहून परतताना ज्ञानदानंदिनी जोडासांकोच्या दारात सर्वांसमक्ष गाडीतून उतरल्या. घरातल्यांना तो मोठा आघात वाटला. नोकरचाकर पाहत राहिले, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. घरातल्या काही स्त्रियांनी त्यांच्याशी मोकळेपणाने वागणे बंद केले. १८६६ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्या समारंभाला त्या पतीसह गेल्या. कलकत्त्याच्या कुलीन घरातील स्त्री अशा ठिकाणी प्रथमच दिसत होती. तेथे उपस्थित असलेले आप्त प्रसन्नकुमार ठाकूर आपल्या घराण्यातील सुनेला परपुरुषांत पाहून शरमेने व संतापाने निघून गेले.

ज्ञानदानंदिनी मागे फिरल्या नाहीत, आणि हे वस्त्र त्यांनी स्वतःपुरतेही ठेवले नाही. स्त्रियांसाठी निघणाऱ्या 'वामाबोधिनी पत्रिका' या मासिकातून त्यांनी जाहीर केले की ज्यांना ही साडी नेसण्याची रीत शिकायची असेल त्यांना ती शिकवली जाईल. ज्या समाजात पोशाखाविषयी स्त्रीने उघड बोलणेही अनुचित मानले जाई, तेथे ही सूचना धाडसाची होती. स्त्रिया शिकायला येऊ लागल्या. ब्राह्म समाजातील कुटुंबांनी ती रीत प्रथम उचलली, म्हणून तिला 'ब्राह्मिका साडी' हे नाव पडले. मुंबईहून आलेली म्हणून काही जण तिला 'बोम्बाई' धाटणीही म्हणत.

पतीवाचून परदेशी

१८७७ मध्ये त्या मुलांना घेऊन, पती सोबत नसताना, इंग्लंडला गेल्या. त्या वेळी त्या गरोदर होत्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या भारतीय स्त्रीने असा प्रवास करणे हे त्या काळी जवळजवळ अशक्य कोटीतले होते. इंग्लंडमध्ये त्यांना दोन लहान अपत्यांचा मृत्यू सोसावा लागला. परक्या देशात, आप्तांवाचून त्या दुःखातून त्या उभ्या राहिल्या. १८७८ मध्ये सत्येंद्रनाथ धाकट्या भावाला, रवींद्रनाथाला, घेऊन तेथे पोहोचले. १८८० मध्ये सारे परतले.

याच दशकात मराठी मुलखातील आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनीही गुजराती धर्तीने साडी नेसणे पत्करले. दोघींनी एकमेकींचे अनुकरण केले नव्हते. उंबरठा ओलांडलेल्या स्त्रीला वस्त्राचा प्रश्न सोडवावाच लागत होता आणि दोघींना उत्तर पुढच्या निऱ्यांत सापडले.

कलकत्त्यात ज्ञानदानंदिनींनी वेगळे बिऱ्हाड केले. सासरच्या मोठ्या वाड्यातून बाहेर पडून स्वतंत्र संसार मांडणे हेही तेव्हा नवे होते. १८८५ मध्ये त्यांनी 'बालक' हे मुलांचे मासिक काढले. रवींद्रनाथांनी त्यात विपुल लिहिले. ते वर्षभर चालले आणि नंतर 'भारती'त विलीन झाले. 'सात भाई चंपा' आणि 'टाक डुमाडुम' ही मुलांसाठी नाटके त्यांनी लिहिली. रवींद्रनाथांच्या 'राजा ओ रानी'त त्यांनी राणी सुमित्रेची भूमिका केली. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहण्यावरून टीकाही झाली. रवींद्रनाथांची बालवधू मृणालिनी घरी आली तेव्हा तिला घडवण्याची जबाबदारीही त्यांनीच घेतली. १८९७ मध्ये सत्येंद्रनाथ साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि या कुटुंबाचा मराठी मुलखाशी असलेला तीन दशकांचा संबंध संपला. उतारवयात रांचीच्या मोराबादी टेकडीवर जोतिरिंद्रनाथांच्या सहवासात दोघांनी काळ घालवला. सत्येंद्रनाथ १९२३ मध्ये गेले. ज्ञानदानंदिनी १९४१ मध्ये, रवींद्रनाथांच्या निधनाच्याच वर्षी, एक्क्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या.

एका रीतीचा पसारा

ब्राह्मिका साडीचे आजचे रूप एकट्या ज्ञानदानंदिनींचे नाही. केशवचंद्र सेनांच्या मुली, कूचबिहारच्या महाराणी सुनीतिदेवी आणि मयूरभंजच्या सुचारुदेवी, यांनी तिच्यात भर घातली. खांद्यावर पदर टाचणीने बसवण्याची पद्धत रूढ केली. सुनीतिदेवींची सून इंदिराराजे ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या, म्हणजे नऊवारीच्या घरातली. तिने फ्रान्सहून शिफॉनच्या साड्या आणवल्या आणि हलक्या कापडाच्या निऱ्यांना राजघराण्यांत प्रतिष्ठा मिळवून दिली. राजा रविवर्म्यांच्या मुंबईतील छापखान्यातून १८९४ पासून निघालेल्या तसबिरींनी साडीतल्या देवी घराघरांत नेल्या आणि साडी हा साऱ्या देशाचा वेश आहे ही भावना रुजली.

कापडाला घडी पाडून त्याचे रूप पालटण्याचा विचार याच काळात इतरत्रही चालू होता. व्हेनिसमध्ये मारिआनो फॉर्च्युनी याने १९०७ च्या सुमारास बारीक चुण्यांच्या रेशमाचा 'डेल्फोस' झगा घडवला. जपानच्या इस्सी मियाके याने १९९० च्या दशकात आधी मोठ्या मापाचा कपडा शिवून मग त्याला उष्णतेने व दाबाने कायमच्या चुण्या पाडण्याची पद्धत रूढ केली. आजच्या वस्त्रकलेत चुणी आणि घडी हे रचनेचे मूळ साधन मानले जाते. त्या चुण्या यंत्राने पडतात आणि टिकतात. साडीची निरी रोज नव्याने पडते आणि नेसणारीच्या बोटांवर अवलंबून असते.

या पसाऱ्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकता येत नाही. जी रीत एका पिढीसाठी दार उघडणारी ठरली, ती पुढे सभ्यतेचे एकमेव माप झाली. परकर आणि पोलके नसलेली स्त्री मागासलेली, कासोटा घालणारी खेडवळ, अशी उतरंड तयार झाली. देशात साडी नेसण्याच्या शंभरहून अधिक रीती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी अनेक आता म्हाताऱ्या स्त्रियांच्या अंगावर किंवा लोकनृत्यांच्या मंचावरच उरल्या आहेत. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. तेथेही आजीचे कासोट्याचे लुगडे आणि नातीची पाचवारी यांत हाच इतिहास दिसतो. गोव्यात खांद्यावर गाठ मारून, गुडघ्याखाली थोडीशीच उतरणारी कुणबी स्त्रीची चौकड्यांची साडी शेतातल्या चिखलासाठी घडली होती. ती जवळजवळ लुप्त होत असताना वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. भातलावणीला पायघोळ निऱ्या सोयीच्या नाहीत, हे त्या बाईला कोणी शिकवावे लागले नव्हते.

म्हणून ज्ञानदानंदिनींचे स्मरण करताना त्यांच्या रीतीपेक्षा त्यांची पद्धत लक्षात घेणे अधिक योग्य ठरेल. फ्रेंच शिंप्याचा झगा त्यांनी टाकून दिला, पारशी साडीतले हवे ते घेतले, नको ते बदलले आणि जे हाती आले ते इतर स्त्रियांना मोकळेपणाने शिकवले. त्यांनी कुणाचे लुगडे हलके ठरवले नव्हते; ज्या कामाला निघायचे त्याला वस्त्र जुळवून घेतले होते. कुणबी बाईची गाठ, कोळणीचा कासोटा आणि कचेरीत जाणाऱ्या मुलीच्या निऱ्या या तिन्ही गोष्टी त्याच शहाणपणातून आल्या आहेत.